डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात कोणती औषधं सुरू ठेवायची, कोणती थांबवायची?

सकाळी तीन, दुपारी दोन, रात्री पाच. डिमेन्शिया म्हणजेच स्मृतिभ्रंश शेवटच्या टप्प्यात गेलेला असतो, तेव्हा अनेक घरांत गोळ्यांचा हिशोब साधारण असा असतो. आजी आता कुणाला ओळखत नाही, दोन-चार शब्दांपलीकडे बोलत नाही, घास तोंडात तसाच धरून बसते. पण बीपीची, शुगरची, कोलेस्टेरॉलची, 'मेंदूची' आणि झोपेची गोळी सुरूच असते.

मग घरातलं कुणीतरी विचारतं, "एवढ्या गोळ्या आता कशासाठी?" आणि विचारणाऱ्यालाच अपराधी वाटायला लागतं. कारण 'औषध बंद करूया' हे वाक्य बाकीच्यांना 'आता सोडून देऊया' असं ऐकू येतं.

पण डॉक्टरांच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या टप्प्यावर काही औषधं कमी करणं हाही उपचारांचाच भाग असतो. प्रश्न एवढाच, की कोणती, कशी आणि हे ठरवायचं कुणी?

शेवटचा टप्पा कशाला म्हणतात?

डॉक्टर यासाठी 'फास्ट' नावाची सात पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात. सातव्या पायरीवर बोलणं दिवसभरात जेमतेम अर्धा डझन शब्दांवर येतं, पुढे चालणं थांबतं, मग आधाराशिवाय बसणंही जमत नाही. लघवी-शौचावर ताबा नसतो आणि गिळायला त्रास होतो.

अमेरिकेतल्या नर्सिंग होममधल्या अशा ३२३ रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या रुग्णांचा मृत्यू साधारण सव्वा वर्षात झाला. बहुतेकांच्या बाबतीत कारण हार्ट अटॅक वगैरे नव्हतं. खाणं-गिळणं कमी होणं, ताप, न्यूमोनिया ही त्या आजाराचीच पुढची पावलं होती. डिमेन्शिया म्हणजे फक्त 'विसरभोळेपणा' नाही, तर जीव घेणारा आजार आहे, हे आपल्याकडे अनेकदा कुणी स्पष्ट सांगतच नाही. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. त्यामुळे हा प्रश्न मोजक्या घरांपुरता नाही.

प्रत्येक गोळीला विचारायचा प्रश्न

ही गोळी आज त्रास कमी करण्यासाठी आहे, की पाच वर्षांनी येऊ शकणारं संकट टाळण्यासाठी?

कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी दुसऱ्या प्रकारातली. तिचा फायदा मिळायला वर्षं लागतात. ज्यांच्या हातात वर्षभराहून कमी काळ आहे अशा वेगवेगळ्या आजारांच्या ३८१ रुग्णांवर अमेरिकेत एक चाचणी झाली. २०१५ मध्ये तिचे निष्कर्ष आले. स्टॅटिन थांबवलेल्या आणि सुरू ठेवलेल्या गटांत ६० दिवसांतल्या मृत्यूंमध्ये ठळक फरक दिसला नाही. उलट थांबवलेल्यांचं जगणं थोडं बरं होतं. व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेली औषधं यांचाही विचार याच पद्धतीने करता येतो.

बीपीचं तसं नाही. तिथे गोळी हवी की नको यापेक्षा डोस किती हा प्रश्न असतो. वजन उतरलं, जेवण कमी झालं की बीपीही खाली येतं, पण डोस मात्र दहा वर्षांपूर्वी ७० किलोच्या माणसाला लिहून दिलेलाच राहतो.

सगळ्यात जास्त लक्ष शुगरच्या औषधांकडे द्यायला हवं. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांचा डोस माणूस ठरल्या वेळी पोटभर जेवणार हे गृहीत धरून दिलेला असतो. डिमेन्शियाचा रुग्ण आज अर्धी वाटी भात खातो, उद्या दोन घास. शुगर एकदम खाली गेली तर त्याला 'चक्कर येतेय', 'घाम फुटलाय' असं सांगता येत नाही. घरच्यांना तो फक्त 'आज जरा जास्तच गप्प' वाटतो. म्हणूनच या टप्प्यावर एचबीए१सीचा आकडा काटेकोर ठेवण्याचा आग्रह डॉक्टर धरत नाहीत. शुगर फार खाली जाऊ नये आणि त्रास होईल इतकी वरही जाऊ नये, एवढंच ध्येय असतं.

'मेंदूची गोळी' बंद करायची का?

यावर तज्ज्ञांमध्येही एकमत नाही.

डोनेपेझिल, रिवास्टिग्मिन आणि गॅलँटामिन ही औषधं मेंदूतलं ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन टिकवून धरतात. मेमँटिन वेगळ्या मार्गाने काम करतं. यातलं कोणतंही औषध आजार थांबवत नाही. काही जणांमध्ये काही काळ लक्षणं थोडी सावरतात, एवढंच.

ब्रिटनमध्ये २९५ रुग्णांवर 'डॉमिनो' नावाची चाचणी झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मध्यम ते तीव्र अल्झायमरमध्येही डोनेपेझिल सुरू ठेवणाऱ्यांना थोडा फायदा झाला. ३० गुणांच्या स्मरणचाचणीत हा फरक सरासरी १.९ गुणांचा होता. पण हे रुग्ण घरी राहणारे होते आणि त्यांना त्या चाचणीत किमान ५ गुण मिळत होते. ज्यांना एकही उत्तर देता येत नाही, त्यांच्याबद्दल ही चाचणी फारसं सांगत नाही.

ब्रिटनची 'नाइस' ही संस्था म्हणते, केवळ आजार तीव्र झाला एवढ्या कारणाने ही औषधं बंद करू नका. तर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात तयार झालेली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की वर्षभराहून जास्त काळ औषध घेतलं आहे आणि आता फायदा दिसत नाही किंवा आजार अगदी अखेरच्या टप्प्यात आहे, तर थांबवून बघायला हरकत नाही. दोन्ही सल्ले नीट वाचले तर ते एकमेकांच्या तितके विरोधात नाहीत. एक म्हणतो, सरसकट बंद करू नका. दुसरा म्हणतो, सरसकट चालूही ठेवू नका.

मग करायचं काय? बहुतेक वेळा डॉक्टर 'करून बघण्याचा' मार्ग सुचवतात. उदाहरणार्थ, १० मिलिग्रॅमची गोळी ५ वर आणायची, साधारण चार आठवडे थांबायचं आणि मग बंद करायची. या काळात माणूस स्पष्टपणे ढासळला, जास्त अस्वस्थ झाला, तर गोळी पुन्हा सुरू करता येते. हे ठाऊक असलं की निर्णयाचं ओझं बरंच हलकं होतं.

काही वेळा ही गोळीच त्रासाचं कारण असते. मळमळ, जुलाब, भूक मरणं, नाडी मंद होऊन भोवळ येणं हे डोनेपेझिलचे माहीत असलेले दुष्परिणाम आहेत. आजी जेवत नाही म्हणून घर काळजीत असतं आणि भूक घालवणारी गोळी रोज रात्री दिली जात असते. लघवीवरचा ताबाही या औषधाने कमी होऊ शकतो. मग त्यासाठी ऑक्सिब्युटिनिन किंवा सोलिफेनासिनसारखी गोळी येते. ही गोळी ॲसिटिलकोलिनला अडवते, म्हणजे डोनेपेझिलच्या नेमकं उलट काम करते. एक पाय गॅसवर, दुसरा ब्रेकवर!

एक अपवाद लक्षात ठेवायला हवा. 'लुई बॉडी' प्रकारच्या डिमेन्शियात ही औषधं थांबवल्यावर भास वाढू शकतात. त्यामुळे आपल्या माणसाला नेमका कोणत्या प्रकारचा डिमेन्शिया आहे, हे आधी विचारून घ्या. आणि ज्या नव्या इंजेक्शनांच्या बातम्या येतात, ती लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब फक्त सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहेत. शेवटच्या टप्प्यावर त्यांचा विचार होत नाही.

रात्रभर ओरडणं, मारायला धावणं: शांत करणारी औषधं

काळजी घेणारी व्यक्ती तीन-तीन रात्री झोपलेली नसते, तेव्हा क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन किंवा हॅलोपेरिडॉल घरात येतं. अनेक घरांत त्याचं नाव फक्त 'झोपेची गोळी' असतं. खरं तर ही अँटिसायकोटिक औषधं आहेत आणि डिमेन्शियाच्या रुग्णांमध्ये त्यांचा धोका मोजला गेलेला आहे.

अमेरिकेच्या औषध नियामकाने, म्हणजे एफडीएने, २००५ मध्ये यातल्या नव्या औषधांबद्दल आणि २००८ मध्ये जुन्यांबद्दलही सर्वांत कडक इशारा दिला. साधारण १० आठवड्यांच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४.५ टक्के रुग्णांचा मृत्यू झाला होता, नकली गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे २.६ टक्के. लुई बॉडी डिमेन्शियात तर हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने शरीर एकदम ताठ होऊन जिवावर बेतू शकतं.

याचा अर्थ ही औषधं कधीच देऊ नयेत असा नाही. रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, भासांनी घाबरून थरथरत असेल, तर कमीत कमी डोस, थोडे दिवस देण्याला जागा आहे. पण दर सहा आठवड्यांनी तरी 'अजून गरज आहे का' हे तपासायला हवं, असं 'नाइस' सांगते. आपल्याकडे जुनंच प्रिस्क्रिप्शन मेडिकलमध्ये दाखवून वर्ष-वर्ष तीच गोळी आणली जाते.

त्याआधी एक गोष्ट बघायची असते, ती म्हणजे वेदना. ज्याला 'दुखतंय' हा शब्द आठवत नाही, तो ओरडून, चिमटे काढून, हात झटकून सांगतो. नॉर्वेतल्या १८ नर्सिंग होममध्ये ३५२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत टप्प्याटप्प्याने वेदनाशामक दिल्यावर आठ आठवड्यांत अस्वस्थता सरासरी १७ टक्क्यांनी कमी झाली. बऱ्याच जणांना त्यासाठी पॅरासिटामॉलच दिलं गेलं होतं. कूस बदलताना कपाळावर आठ्या येतात का, मुठी आवळल्या जातात का, कण्हणं सुरू होतं का आणि जवळ घेतल्यावर ते थांबतं का, हे बघा. पोट किती दिवस साफ नाही, लघवीला जळजळ आहे का, दात दुखतोय का, पाठीला जखम झाली आहे का, हेही तपासायला हवं.

जी औषधं थांबवायची नाहीत, किंवा अचानक थांबवायची नाहीत

वेदनाशामक, पोट साफ होण्याचं औषध, दम लागू नये म्हणून हृदयाच्या रुग्णाला दिलेली लघवीची गोळी ही आज आराम देणारी औषधं आहेत. ती सहसा शेवटपर्यंत राहतात. फिट्सची औषधं, पार्किन्सनची लेव्होडोपा, स्टिरॉइड, काही बीपीच्या गोळ्या आणि क्लोनाझेपामसारखी झोपेची औषधं एकदम तोडली तर गंभीर त्रास होऊ शकतो. घरच्या घरी 'उद्यापासून सगळंच बंद' हा प्रयोग अजिबात करू नका.

अखेरच्या दिवसांत वेदना किंवा दम फार असेल, तर मॉर्फिनचाही पर्याय असतो. २०१४ मध्ये एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती होऊन वैद्यकीय वापरासाठी ते मिळण्याचे नियम सोपे झाले. पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर ते देऊ शकतात.

गोळी गिळताच येत नसेल तर?

बहुतेक जण गोळी कुटून वरणभातात कालवतात. पण नावापुढे एसआर किंवा एक्सआर लिहिलेली गोळी दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. ती कुटली की सगळा डोस एकदम अंगात जातो. ॲसिडिटीच्या अनेक गोळ्यांवर आवरण असतं, तेही कुटल्यावर निकामी होतं. सिरप, तोंडात विरघळणारी गोळी किंवा त्वचेवर लावायची पट्टी मिळेल का, असं डॉक्टरांना विचारा. रिवास्टिग्मिनची पट्टी मिळते. आणि माणूस प्रत्येक गोळी थुंकत असेल, तर लपवून कशी द्यायची याआधी ती द्यायलाच हवी का, हे विचारा.

निर्णय कुणाचा?

रुग्ण सांगू शकत नाही. अशा वेळी 'आपल्याला काय वाटतं' यापेक्षा 'त्यांनी स्वतः काय म्हटलं असतं' हे शोधायचं असतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये इच्छापत्र, म्हणजे लिव्हिंग विल, मान्य केलं आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष पुरते. मात्र ते शुद्धीत आणि समजून-उमजूनच करता येतं, म्हणजे डिमेन्शिया वाढण्याआधी. शिवाय ते व्हेंटिलेटरसारख्या जीव टिकवणाऱ्या उपचारांसाठी आहे. कोलेस्टेरॉलची गोळी थांबवायला कुठल्याही मेडिकल बोर्डाची गरज नसते. तो डॉक्टर आणि कुटुंबाने मिळून घ्यायचा साधा निर्णय आहे.

साधा कागदावर. प्रत्यक्षात फॅमिली ग्रुपवर तो कठीण होतो. रोज अंघोळ घालणारी सून किंवा मुलगी म्हणते 'पुरे', आणि दोन वर्षांनी घरी आलेला भाऊ म्हणतो 'सगळं करा'. १९९१ मधल्या एका वैद्यकीय लेखात या प्रकाराला 'कॅलिफोर्नियाहून आलेली मुलगी' असं नावच दिलं होतं. आपल्याकडे तो न्यू जर्सीहून आलेला मुलगा असतो. त्याला डॉक्टरांसोबतच्या व्हिडिओ कॉलवर घ्या. निरोप्या बनून त्याला समजावत बसू नका.

डॉक्टरांकडे जाताना

हृदयाचे, शुगरचे, मेंदूचे डॉक्टर वेगळे असतात आणि प्रत्येक जण आपापली गोळी सांभाळतो. म्हणून यादीची जबाबदारी एकाच डॉक्टरवर सोपवा. ते वृद्धांच्या आजारांचे तज्ज्ञ, पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर किंवा जुने फॅमिली डॉक्टरही असू शकतात. घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स, आयुर्वेदिक काढे-चूर्णांसकट, एका पिशवीत न्या. एका वेळी एकच औषध कमी करायला सांगा, नाहीतर फरक कशामुळे पडला हे कळणार नाही. त्या दिवसांत झोप, खाणं, पोट, ओरडणं यांची दोन ओळींची नोंद वहीत ठेवा. दिवसभर सोबत असणाऱ्या मावशींनाही विचारा, अनेकदा फरक पहिल्यांदा त्यांनाच दिसतो. जवळपास कोणती मदत मिळते याची माहिती ज्येष्ठ नागरिकांच्या १४५६७ या हेल्पलाइनवर मिळू शकते. काळजी घेणाऱ्याला स्वतःलाच झेपेनासं झालं असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.