औषधाच्या चिठ्ठीवर धान्य

गावच्या आरोग्य केंद्राने आधी कोणते काम हाती घ्यावे, हे कोणी ठरवायचे? डॉक्टरांनी आणि अधिकाऱ्यांनी, असे उत्तर आपण सहज देतो. हे उत्तर अपुरे आहे असे दाखवणारा एक प्रयोग विसाव्या शतकात होऊन गेला.

त्याचे मूळ दक्षिण आफ्रिकेत आहे. नाताळ प्रांतातील फोलेला या गरीब झुलू भागात सिडनी व एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने १९४० मध्ये आरोग्य केंद्र सुरू केले. स्थानिक तरुणांना शिकवून त्यांनी घरोघर पाठवले. घरात कोण आजारी आहे, माणसे काय खातात, याच्या नोंदी ठेवल्या. कुपोषण आढळले तेव्हा परसात भाजीपाला लावण्यावर भर दिला. जॅक गायगर हा अमेरिकन वैद्यकीय विद्यार्थी १९५७ मध्ये हे काम शिकायला तेथे गेला.

पुढे डॉ. गायगर व टफ्ट्स विद्यापीठातील डॉ. काउंट गिब्सन यांनी अमेरिकन सरकारच्या दारिद्र्यनिर्मूलन कार्यक्रमातून पैसा मिळवला. १९६५ मध्ये बोस्टन शहरात आणि १९६७ मध्ये मिसिसिपी राज्यातील माउंड बायू येथे अशी केंद्रे उघडली. माउंड बायूच्या परिसरात कापसाच्या मळ्यांवर राबणारी कृष्णवर्णीय कुटुंबे राहत. कापूस वेचणारी यंत्रे व तणनाशके आली आणि त्यांची मजुरी गेली. घरे मोडकी होती. अनेकांना शुद्ध पाणीही मिळत नव्हते.

केंद्र उघडण्यापूर्वीच जॉन हॅच हे कृष्णवर्णीय कार्यकर्ते गावोगाव फिरले. चर्चमध्ये आणि लोकांच्या घरी बैठका घेऊन त्यांनी विचारले, तुमची पहिली गरज कोणती? अन्न, काम, पाणी, घर अशी उत्तरे आली. डॉक्टरचा क्रमांक त्यानंतरचा होता.

हे उत्तर शास्त्राला धरूनच होते. उपाशी मुलाची प्रतिकारशक्ती घटते, म्हणून जंतुसंसर्ग लवकर होतो. जुलाब लागले की भूक मंदावते, खाल्लेले अंगी लागत नाही आणि कुपोषण वाढते. औषधाने बरे झालेले मूल घरी जाऊन तेच दूषित पाणी पिते व पुन्हा आजारी पडते. हे चक्र केवळ गोळ्यांनी तुटत नाही.

मग डॉक्टरांनी चिठ्ठीवर अन्नपदार्थ लिहून देण्यास सुरुवात केली. गावातल्या दुकानदाराने ते द्यायचे आणि बिल केंद्राच्या औषध खात्याकडे पाठवायचे, अशी व्यवस्था झाली. सरकारी अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, की औषधांचा पैसा रोगांवरच खर्च व्हावा. कुपोषणावरचे औषध अन्न हेच आहे, असे उत्तर गायगर यांनी दिले. लोकांना मात्र कायम चिठ्ठीवर जगायचे नव्हते. १९६८ मध्ये त्यांनी सहकारी शेती उभारली व भाजीपाला पिकवला. केंद्राने विहिरी आणि संडास बांधण्याचे कामही केले.

तरीही एक प्रश्न उरत होता. लोकांचे मत विचारणे वेगळे आणि निर्णय त्यांच्या हाती देणे वेगळे. सुरुवातीला अनुदान विद्यापीठाच्याच नावे येत असे. अशा केंद्रांसाठी १९७५ मध्ये झालेल्या कायद्याने हा प्रश्न हाताळला. नियामक मंडळात किमान ५१ टक्के सभासद त्या केंद्रात उपचार घेणारेच असावेत, अशी अट आली. हे मंडळ संचालकाची नेमणूक करते, अंदाजपत्रक मंजूर करते आणि कोणत्या सेवा द्यायच्या तेही ठरवते. आज अमेरिकेत अशी सुमारे १,४०० केंद्रे असून ती ३ कोटींहून अधिक लोकांना सेवा देतात. अर्थात, बहुमत मिळाले म्हणजे सर्वांत गरिबाचा आवाज ऐकला जाईलच, याची हमी कोणताही कायदा देऊ शकत नाही.

आपल्याकडे २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावपातळीवर आरोग्य, पोषण, पाणी आणि स्वच्छता यांसाठी समित्या नेमल्या. आपल्या गावच्या समितीत कोण आहे, ती केव्हा भरते, भूमिहीन घरांतल्या किंवा वस्तीवरच्या बायका तिथे बोलतात का, याची माहिती विद्यार्थ्यांना गोळा करता येईल. आम्हांला वाटते, आरोग्यशास्त्राच्या धड्याला जोडून हा प्रकल्प प्रत्येक शाळेने एकदा तरी करून पाहावा.