काशीतली मराठी बिऱ्हाडं



दशाश्वमेध घाटावर आरतीला बसलेल्या आपल्या माणसांना मी नेहमी सांगतो, हा पक्का घाट नानासाहेब पेशव्यांनी १७४८ च्या सुमारास बांधवला. शेजारीच अहिल्याबाईंचा घाट आहे. प्रवाहाबरोबर पुढे गेलं की शिंद्यांचा आणि नागपूरकर भोसल्यांचा लागतो. पण आजचा विषय दगडी पायऱ्यांचा नाही, इथे येऊन राहिलेल्या माणसांचा आहे.

मराठी माणूस पेशव्यांच्या कितीतरी आधी काशीत आला. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वर भट्ट इथे स्थायिक झाले. त्यांच्यासोबत फौज नव्हती, होती ती विद्या. त्यांचे पुत्र नारायण भट्ट काशीच्या पंडितांत अग्रगण्य ठरले. नारायण भट्टांचे नातू कमलाकर यांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ लिहिला. आपल्याकडे एकादशी आज की उद्या, असा वाद पडला की आजही त्याचा आधार घेतात. याच घराण्यातल्या गागाभट्टांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवरायांना राज्याभिषेक केला. पैठणहून गेलेली विद्या चार पिढ्यांनी अशी परत आली.

दुसरी लाट आली ती सत्तेबरोबर. घाट, वाडे, अन्नछत्रं उभी राहिली. मागोमाग कारकून, भिक्षुक, आचारी आले. १७८० मध्ये अहिल्याबाईंनी विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभं केलं.

तिसरी लाट मात्र सत्ता गेल्यावरची. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजी अप्पा काशीत राहिले. त्यांच्या पदरी होते मोरोपंत तांबे. मोरोपंतांची मुलगी मनकर्णिका, म्हणजे झाशीची राणी, हिचा जन्म इथलाच. माझ्यासारख्या फौजी माणसाला हे नेहमी थबकवतं: हरलेल्यांच्या आश्रितांच्या घरातून ती लढवय्यी निघाली.

दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत मराठी वस्ती रुजली. पुढच्या पिढ्यांची घरात मराठी, बाहेर हिंदी. १८८३ मध्ये इथल्याच मराठी घरात बाबूराव विष्णू पराडकर जन्मले. १९२० मध्ये सुरू झालेल्या ‘आज’ दैनिकाचे संपादक म्हणून त्यांनी हिंदी पत्रकारितेला वळण लावलं. ‘राष्ट्रपति’ हा शब्द रूढ करण्याचं श्रेय त्यांना देतात. म्हणजे देशाच्या सर्वोच्च पदाचं नाव रुळवण्यात काशीतल्या एका मराठी माणसाचा हात आहे.

नोकरीत दर दोन-तीन वर्षांनी माझी बदली व्हायची. मुलं हिंदीत वाढली. आज ती मराठी बोलतात, पण अडखळत. याची खंत मला आहेच. पण पराडकरांकडे पाहिलं की वाटतं, भाषा जपावी, मात्र ज्या गावाचं पाणी प्यायलो त्या गावाचंही व्हावं. काशीने आपल्या माणसांना परकं मानलं नाही. पोटापाण्यासाठी आज आपल्या दारी कुणी येतो, तेव्हा हे ऋण आठवावं.

भेटूया पुढच्या भागात. जय हिंद.