औषधलाभ योजनांतील संज्ञा

औषधलाभ योजनांतील संज्ञा : वैद्याने लिहून दिलेल्या औषधांचा खर्च रुग्णाऐवजी पूर्णतः वा अंशतः विमासंस्था, मालक किंवा शासन यांनी सोसण्याच्या व्यवस्थेस औषधलाभ योजना म्हणतात. लाभ कोणाला, किती काळ व कोणत्या औषधांपुरता मिळेल, हे अशा योजनेच्या नियमांतील मोजक्या पारिभाषिक शब्दांवर ठरते. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात रांजणगाव व सणसवाडी आणि दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे कारखानदारी वाढली, तसा हा विषय तेथील शेतकरी व शेतमजूर कुटुंबांच्याही निकडीचा झाला.

कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्यासाठी १९४३ मध्ये भारत सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांची नेमणूक केली. त्यांनी १९४४ मध्ये सादर केलेल्या अहवालातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आकारास आला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा प्रारंभ झाला. १९५४ मध्ये ती नागपूर व मुंबई येथे लागू झाली. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत (२०२०) या कायद्याचा विषय समाविष्ट करण्यात आला आहे.

या योजनेतील पहिली संज्ञा ‘अंशदान’ म्हणजे वर्गणी. १ जुलै २०१९ पासून तिचा दर कामगाराकडून वेतनाच्या ०·७५ टक्के व मालकाकडून ३·२५ टक्के असा ठरविण्यात आला. दुसरी संज्ञा ‘वेतनमर्यादा’. प्रारंभी दरमहा ४०० रु. असलेली ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रु. करण्यात आली. ‘अंशदानकाल’ व ‘लाभकाल’ ही जोडी मात्र सामान्यतः नीट उमजत नाही. एप्रिल ते सप्टेंबर या अंशदानकालाचा लाभकाल पुढील जानेवारी ते जून हा असतो, तर ऑक्टोबर ते मार्च या अंशदानकालाचा लाभकाल जुलै ते डिसेंबर हा असतो. आजारपणाच्या रोख लाभासाठी अंशदानकालात किमान ७८ दिवसांचे अंशदान लागते.

या नियमांचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या कामगाराचे वेतन जून महिन्यात २१,००० रुपयांच्या वर गेले, तरी त्याचे अंशदान सप्टेंबरअखेर चालू राहते. ७८ दिवसांची अट पुरी झाली असल्यास वैद्यकीय लाभाचा हक्क पुढील लाभकालातही पोहोचतो. घरात मधुमेहाचा रुग्ण असल्यास पगारवाढीबरोबरच औषध बंद होत नाही, पण ते बंद होण्याची तारीख मात्र त्याच वेळी निश्चित होते. ती ठाऊक असणे हाच अशा कुटुंबाचा खरा आधार होय.

‘औषधसूची’ म्हणजे योजनेने मान्य केलेल्या औषधांची यादी. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ मध्ये अत्यावश्यक औषधांची पहिली आदर्श सूची प्रसिद्ध केली. भारताची राष्ट्रीय सूची १९९६ मध्ये निघाली व २०२२ च्या सूचीत ३८४ औषधे होती. ‘मूळनामी औषध’ (जेनेरिक) म्हणजे उत्पादकाच्या व्यापारी नावाऐवजी औषधद्रव्याच्या नावाने विकले जाणारे औषध. हाथी समितीने १९७५ मध्ये अशा नावांचा पुरस्कार केला होता.

‘सहभरणा’ म्हणजे प्रत्येक वेळी रुग्णाने भरावयाचा वाटा आणि ‘वजावट’ म्हणजे विमा लागू होण्यापूर्वी त्याने स्वतः सोसावयाची रक्कम. ब्रिटनमध्ये १९४८ साली निःशुल्क सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत १९५२ मध्ये औषधचिठ्ठीवर एक शिलिंग आकार बसविण्यात आला. अमेरिकेत वृद्धांसाठीची औषधविमा योजना २००६ मध्ये सुरू झाली. तीतील रुग्णाच्या वार्षिक खर्चावर २०२५ साली २,००० डॉलरची कमाल मर्यादा घालण्यात आली. भारतातील खाजगी विम्यात ‘पूर्वव्याधी’ व ‘प्रतीक्षाकाल’ या संज्ञा महत्त्वाच्या आहेत. विमा घेण्यापूर्वीच्या आजारासाठीचा कमाल प्रतीक्षाकाल २०२४ मध्ये ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणण्यात आला.

शिरूर-दौंड भागात या संज्ञांनी एकाच गावातील माणसांचे निरनिराळे वर्ग पाडले आहेत. दौंड जंक्शनवरील रेल्वे कर्मचाऱ्यास रेल्वेची स्वतंत्र वैद्यकीय सेवा आहे. कारखान्यातील विमाधारक कामगारास व त्याच्या कुटुंबास राज्य विम्याचा लाभ आहे. ऊसतोडणी करणाऱ्या किंवा दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या मजुरास यांपैकी काहीही लागू होत नाही. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेचा भर रुग्णालयातील उपचारांवर असल्याने रोजच्या गोळ्यांचा प्रश्न तिने सुटत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत व आरोग्य केंद्रांत औषधोपचार निःशुल्क करण्यात आले. खाजगी डॉक्टरने लिहिलेल्या औषधाचा भार मात्र रुग्णावरच राहतो. औषधलाभाचा इतिहास हा म्हणूनच ‘लाभार्थी’ या एका शब्दाची व्याप्ती हळूहळू वाढत जाण्याचा इतिहास असून, तो अद्याप पूर्ण झालेला नाही.