डिस्कने दिलेले साडेबावीस तास

मुखेडच्या आमच्या घरातल्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क एका रविवारी संध्याकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी गेली. तिच्यात घरातले सगळे फोटो होते, शेताचे कागद होते आणि अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, सहा तासांचा आवाज होता. अण्णांचं लहानपण निजामाच्या राज्यात गेलं. रझाकारांच्या भीतीने रानात काढलेल्या रात्री आणि निजामाचं राज्य संपलं तो १७ सप्टेंबर १९४८ चा दिवस त्यांनी कॅसेटींवर सांगून ठेवला होता. कॅसेटींना बुरशी लागली तेव्हा मी आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घेतला आणि कॅसेटी टाकून दिल्या.

डिस्क अचानक गेली, असं मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होतो. ते खरं नव्हतं.

शनिवार, रात्री ९:१० : उरले साडेबावीस तास

पाऊस सुरू झाला आणि लाईट गेली. यूपीएसची बॅटरी महिन्यापासून उतरलेली होती, त्यामुळे चालू कॉम्प्युटर तसाच बंद पडला. आमच्या डिस्कमधल्या तबकड्या मिनिटाला ७२०० वेळा फिरतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावर काही नॅनोमीटरवर तरंगतं. धुळीचा कणसुद्धा त्या फटीपेक्षा मोठा असतो. वीज तुटली की तबकडीत उरलेल्या गतीच्या जोरावर डिस्क हेड कडेला घेते. नव्या डिस्कला हे सहज जमतं. जुन्या डिस्कला दरवेळी जमेलच, याची खात्री नसते. लाईट आली तेव्हा आम्ही झोपलो होतो.

रविवार, सकाळी ७:१० : उरले साडेबारा तास

एरवी दोन मिनिटांत सुरू होणाऱ्या कॉम्प्युटरला आज अकरा मिनिटं लागली. जुना झालाय, असं म्हणून मी चहा प्यायला गेलो. डिस्कवरची एखादी जागा नीट वाचता येत नसेल तर डिस्क ती पुन्हा पुन्हा वाचून पाहते आणि खराब जागेऐवजी राखीव जागा वापरायला लागते. हे सगळं ती मुकाट्याने करते. आपल्याला फक्त वेळ लागताना दिसतो.

सकाळी ११:४० : उरले आठ तास

पडद्यावर सूचना आली: हार्ड डिस्कमध्ये दोष आढळला आहे, फाइलींची प्रत ताबडतोब काढा. मी बिलाचा हिशेब करत होतो. सूचना बंद केली. इतक्या स्पष्ट शब्दांत यंत्र क्वचितच बोलतं, आणि मी ते दोन सेकंदांत बाजूला सारलं.

दुपारी ३:१० : उरले साडेचार तास

मुलगी म्हणाली, "बाबा, आतून टकटक आवाज यायलाय."

हेडला आपली जागा सापडत नाही, ते परत जातं, पुन्हा शोधायला येतं. ती टकटक त्याची असते. कपाटात रिकामी बाहेरची डिस्क पडून होती. आमच्या जुन्या यूएसबी जोडणीतून सेकंदाला सुमारे ३० मेगाबाइट जातात, म्हणजे निरोगी असती तर ५०० गीगाबाइटच्या पूर्ण डिस्कची प्रत निघायला जवळपास साडेचार तास लागले असते. पण अण्णांचे सहा तास जेमतेम साडेतीनशे मेगाबाइटचे होते. त्या फोल्डरला बारा सेकंद पुरले असते.

मी डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम लावला. माझी सगळ्यात मोठी चूक ही. तो प्रोग्रॅम डिस्कचा कोपरान् कोपरा वाचतो आणि वर लिहितोसुद्धा. मरणाच्या दारातल्या डिस्ककडून त्याने चार तास कष्ट करून घेतले. अशा वेळी आधी जीव की प्राण असलेल्या फाइली काढून घ्यायच्या, बाकीचं नंतर, आणि दुरुस्तीचा प्रयत्न जुन्या डिस्कवर कधीच करायचा नाही.

संध्याकाळी ५:४० : उरले दोन तास

तपासणी अडकली. बायको म्हणाली, "अहो, बंद तरी करा." बंद केला असता, तर तबकडीवरचा मजकूर कदाचित वाचला असता. मी वाट बघत बसलो.

संध्याकाळी ७:४०

टकटक वाढली, मग घासल्यासारखा बारीक आवाज आला आणि सगळं शांत झालं. कॉम्प्युटर पुन्हा लावला तर काळ्या पडद्यावर एकच ओळ होती. त्याला डिस्कच दिसत नव्हती.

त्यानंतर

सोमवारी पहिल्या एसटीने नांदेडला गेलो. दुकानदाराने डिस्क कानाशी धरली आणि ती उघडायला नकार दिला. त्याने योग्य केलं. धूळ नसलेल्या बंदिस्त खोलीतच ती उघडायची असते. डिस्क पुण्याला पाठवली. उत्तर आलं: हेड तबकडीला टेकून फिरत राहिलं, चुंबकीय थर खरवडला गेला, काही निघणार नाही.

कॉम्प्युटर एका संध्याकाळीच उभा राहिला. नवी डिस्क बसवली, पेनड्राइव्हवरून विंडोज टाकलं. सातबारा सरकारी संकेतस्थळावरून पुन्हा काढला. फोटो भावा-बहिणींच्या फोनमधून थोडे थोडे आले. अण्णांच्या आवाजातली अकरा मिनिटं मी कधीतरी उदगीरच्या बहिणीला पाठवली होती, तेवढीच तिच्या फोनवर सापडली. बाकीचं आम्ही काकांसमोर बसून, आठवून आठवून वहीत उतरवलं.

महानुभावांच्या परंपरेत 'लीळाचरित्रा'ची अशीच कथा सांगतात. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली पोथी धाडीत हरवली आणि हिराइसेसारख्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. म्हणून तिचे वेगवेगळे पाठ झाले. माणसांच्या स्मरणातून शब्द परत येतात. अण्णांचा घोगरा आवाज, मधला खोकला, "रझाकार आले" म्हणताना लागलेला दम, यातलं काही वहीत आलं नाही.

आता आमच्याकडे छायाचित्रकार पीटर क्रोघ यांच्यामुळे रूढ झालेला नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. माय ज्वारीचं बियाणं राख लावून दोन मडक्यांत ठेवायची आणि पायलीभर माहेरी द्यायची. तिला हा नियम कुणी शिकवला नव्हता. घराबाहेरची प्रत का हवी, हे ऑगस्ट २०२५ च्या अतिवृष्टीने आमच्या मुखेड तालुक्याला दाखवलं. रावणगाव, हसनाळमध्ये रात्रीतून पाणी शिरलं, माणसं गेली. ज्या घरात पाणी भरतं तिथे कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारची प्रत एकत्रच बुडतात.

ऑनलाइन जागेशी आपोआप जुळणारं फोल्डर ही पुरेशी प्रत नव्हे. इथे चुकून पुसलं की तिथेही पुसलं जातं. नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये, म्हणजे एसएसडीत, फिरणारं काही नसतं. ती टकटक न करताच जाऊ शकते, म्हणून आवाजाची वाट बघून चालत नाही. आणि जी प्रत उघडून पाहिली नाही, तिच्यावर विसंबू नये. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही बाहेरची डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावतो आणि त्यातली कोणतीही एक फाइल काढून उघडतो.

तुमच्या घरातही असं एक फोल्डर असेल, ज्याची दुसरी प्रत जगात कुठेच नाही. आज रात्री जेवायला बसण्याआधी त्याची प्रत काढा. बहुधा ताट वाढून होण्याआधीच ती निघालेली असेल.