नोंदवहीतील नाव : बडोद्याच्या पथिकाश्रमापासून नागपूरच्या श्याम हॉटेलपर्यंत

दसऱ्याच्या तोंडावर वारंगा फाट्यावर उभे राहिले की निळे झेंडे लावलेल्या गाड्या मोजवत नाहीत. नांदेड, अर्धापूरकडून आलेली गाडी इथे घटकाभर थांबते. एक रस्ता आखाडा बाळापूर, कळमनुरी करीत हिंगोलीला जातो. दुसरा हदगाव, उमरखेड, यवतमाळ, वर्धा करीत थेट नागपूरला, म्हणजे दीक्षाभूमीला. फाट्याची खिचडी प्रसिद्ध आहे. गाडीतून उतरलेली आमची माणसे बाकावर बसतात. "किती प्लेट?" एवढेच हॉटेलवाला विचारतो. जात विचारत नाही, नाव विचारत नाही.

अशाच एका प्रवासात सोबतच्या तरुण कार्यकर्त्याने मला विचारले, "दीक्षेच्या वेळी बाबासाहेब हॉटेलात का उतरले? नागपुरात समाज एवढा मोठा, कुणाच्या घरी का नाही उतरले?" प्रश्न साधा होता. बाबासाहेबांची प्रकृती तेव्हा ढासळली होती, त्यांना विश्रांती हवी होती, हे एक उत्तर झाले. पण मला त्या प्रश्नामागचा दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. हॉटेलात उतरणे ही आपल्याला आज इतकी मामुली गोष्ट का वाटते? ती मामुली कुणी केली?

मित्रहो, यासाठी 1917 सालच्या बडोद्याला जावे लागेल.

कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेले भीमराव आंबेडकर शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे बडोदा सरकारच्या नोकरीत रुजू व्हायला निघाले. स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न पडला तो राहायचे कुठे. बडोद्यात हिंदूंच्या वीशी होत्या, पण तिथे अस्पृश्याला थारा मिळणार नव्हता. शेवटी ते पारशी लोकांच्या पथिकाश्रमात गेले. तिथेही नियम होता, फक्त पारशी. मग त्यांनी नोंदवहीत पारशी नाव लिहिले आणि दिवसाला दीड रुपया भाडे देऊन वरच्या मजल्यावर एकटे राहू लागले. वीज नाही, रात्री मिणमिणता कंदील, सोबतीला पुस्तके. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीत निघताना काठ्या घेतलेले डझनभर पारशी खोलीच्या दाराशी आले आणि संध्याकाळपर्यंत चालते व्हा म्हणाले.

एका हिंदू मित्राकडे विचारणा केली, तर तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. बाबासाहेबांनी शहरातल्या बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. हा प्रसंग त्यांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात स्वतः लिहून ठेवला आहे.

यातली नेमकी गोष्ट ध्यानात घ्या. खिशात पैसे होते. डोक्यात जगातली उत्तम विद्या होती. राजाची नोकरी होती. नव्हते ते एकच, स्वतःच्या नावाने नोंदवहीत सही करण्याचा अधिकार. आपल्याकडे आजही काही मंडळी सांगतात की शिका, पैसा मिळवा, जात आपोआप गळून पडेल. बडोद्याचा पथिकाश्रम हे त्या म्हणण्याला दिलेले उत्तर आहे.

आणि हे केवळ हिंदूंचेच पाप होते असेही नाही. आपल्या मराठवाड्यातलेच उदाहरण घ्या. 1934 साली निजामाच्या राज्यात दौलताबादचा किल्ला पाहायला गेलेल्या बाबासाहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किल्ल्यातल्या टाक्यावर हातपाय धुतले, तेव्हा मुसलमानांनी टाके बाटवले म्हणून गोंधळ घातला. पुढे किल्ला पाहू दिला, पण पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. म्हणजे प्रवासी म्हणून घराबाहेर पडलेल्या अस्पृश्याला वीशी, पथिकाश्रम आणि पाण्याचे टाके, या तिन्ही ठिकाणी जात आधी विचारली जात होती.

याच काळात उलट दिशेचा एक प्रयोग कोल्हापुरात झाला होता. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवले म्हणून सवर्ण नोकरांनी मारहाण केली. महाराजांनी नुसती शिक्षा करून प्रकरण मिटवले नाही. गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला लावला. कोल्हापुरात त्यांचे चहाचे 'सत्यसुधारक हॉटेल' उभे राहिले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा पिऊ लागले आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजू लागले. शाहू महाराजांनी ओळखले होते की नुसता प्रवेश पुरेसा नाही, गल्ल्यावर आपला माणूस बसला पाहिजे. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी त्याकडे परत येऊ.

पण राजाचे मन चांगले असणे हा हक्क नव्हे. राजा गेला की चहाही जातो. हक्क कायद्यात लिहावा लागतो. मुंबई विधिमंडळात 1923 साली सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. त्याने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले केले. महाडचा 1927 चा सत्याग्रह याच ठरावाच्या अंमलबजावणीसाठी झाला. पण ठरावाची हद्द होती ती सरकारी पैशातून किंवा सार्वजनिक संस्थांकडून चालणाऱ्या जागांपुरती. खासगी मालकाचे हॉटेल त्याच्या बाहेरच होते. "माझे हॉटेल, माझी मर्जी" हे म्हणणे शाबूत होते.

ही मर्जी मोडली भारतीय संविधानाने. कलम 15 चा दुसरा खंड काढून वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणावरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेल आणि करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेश नाकारता येणार नाही. विहिरी, तलाव, रस्ते यांच्या बाबतीत सरकारी खर्चाची किंवा जनतेसाठी अर्पण केल्याची अट आहे. दुकान आणि हॉटेलांना तीही अट नाही. हा मूलभूत हक्क केवळ सरकारविरुद्ध नाही, तर गल्ल्यावर बसलेल्या मालकाविरुद्धही आहे. संविधान सभेत नोव्हेंबर 1948 मध्ये या तरतुदीवर चर्चा झाली. 'दुकान' या शब्दात काय काय येते अशी विचारणा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी त्याचा अर्थ व्यापक असल्याचे सांगितले. पैसे घेऊन सेवा देणारा जो जो कुणी, तो त्यात आला.

जगाशी तुलना करून पाहा. ज्या अमेरिकेत बाबासाहेब शिकले, तिथे काळ्या प्रवाशांना कोणत्या गावी कोणते हॉटेल घेईल हे सांगणारी 'ग्रीन बुक' नावाची पुस्तिका 1936 पासून निघत होती. अटलांटा शहराच्या मध्यवस्तीतल्या 216 खोल्यांच्या हार्ट ऑफ अटलांटा मोटेलचा मालक काळ्यांना खोली देणार नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला आणि हरला, तो 1964 साली. त्याच वर्षी तिथे तसा देशव्यापी कायदा झाला होता. आपल्या संविधानाने हीच गोष्ट चौदा वर्षे आधी मूलभूत हक्क म्हणून लिहून ठेवली होती.

1 जून 1955 पासून अस्पृश्यता (अपराध) कायदा लागू झाला. हॉटेलात प्रवेश नाकारणे गुन्हा ठरला. हॉटेल, धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना इथली सर्वांसाठी असलेली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरला. म्हणजे आमच्यासाठी बाहेर वळचणीला ठेवलेला फुटका कप कायद्याने गुन्ह्याचा पुरावा झाला. 1976 साली दुरुस्ती होऊन याच कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले.

आता 1956 च्या ऑक्टोबरमध्ये या. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशात होते आणि आपले वारंगा हैदराबाद राज्यात. दोन्ही मुंबई राज्यात आले ते 1 नोव्हेंबरला. 11 ऑक्टोबरला बाबासाहेब माईसाहेबांसह विमानाने नागपुरात उतरले आणि सीताबर्डीवरच्या श्याम हॉटेलात राहिले. भर बाजारपेठेतले, शहराच्या मध्यावरचे हॉटेल. 13 तारखेच्या सायंकाळी तिथेच पत्रकार परिषद झाली. आपण हिंदू धर्म सोडत आहोत आणि आपला मार्ग हीनयान-महायानाच्या वादापलीकडचे नवयान असेल, हे त्यांनी तिथे सांगितले. 14 तारखेला सकाळी याच हॉटेलातून निघून ते दीक्षाभूमीवर गेले आणि लाखोंच्या साक्षीने बुद्धाला शरण गेले.

ही दोन चित्रे शेजारी ठेवा. 1917 साली धर्म लपवून, खोटे नाव लिहून, कंदिलाच्या उजेडात लपलेला माणूस. 1956 साली स्वतःच्या नावाने उतरलेला, हॉटेलात बसून आपला धर्म कोणता हे साऱ्या देशाला सांगणारा माणूस. मधली एकोणचाळीस वर्षे म्हणजे महाड, काळाराम, गोलमेज, संविधान. माणूस तोच होता. बदलली ती नोंदवही, आणि ती त्या माणसाने लढून बदलून घेतली. म्हणून श्याम हॉटेल ही माझ्या दृष्टीने केवळ मुक्कामाची जागा नाही. दीक्षाभूमीला जाणाऱ्या प्रत्येक तरुणाने सीताबर्डीवरून जाताना ही जागा आठवली पाहिजे.

कुणी म्हणेल, कायद्याने काय झाले? खेड्यापाड्यांत दोन कपांची पद्धत नंतरही चाललीच ना? चालली. कारण कायदा आपल्या पायांनी चालत नाही, तक्रार घेऊन जाणारा माणूस लागतो. जातीवरून सेवा नाकारल्याचा गुन्हा सिद्ध झाला तर धंद्याचा परवाना रद्द करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, हे आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? आज नकाराची भाषा बदलली आहे. आडनाव ऐकून "खोली शिल्लक नाही" असे गोड आवाजात सांगितले जाते. तिथे आडनाव बदलून घेणे म्हणजे पुन्हा बडोद्याला जाणे आहे. आडनाव तेच सांगा, आणि नकार मिळाला तर तारीख, वेळ, साक्षीदार लिहून ठेवा.

आणि आता गंगाराम कांबळेंकडे परत. पुढच्या वेळी वारंगा फाट्यावर किंवा तुमच्या गावच्या फाट्यावर खिचडी खाताना आजूबाजूला नीट बघा. बाकावर आपली माणसे आहेत, चांगले आहे. मोरीवर ताटे घासणारे कोण आहेत? गल्ल्यावर कोण बसले आहे? आपण गिऱ्हाईक म्हणून आत आलो ती बाबासाहेबांची कमाई. मालक म्हणून आत जायचे काम त्यांनी आपल्यासाठी ठेवले आहे.

जय भीम!