रेट सिंड्रोम (तळटीप)
* मूळ मजकुरातील ‘मेंदू झिजत जातो’ हे विधान आज ग्राह्य धरू नये. व्हिएन्नाचे डॉ. आन्द्रेआस रेट यांनी १९६६ मध्ये हा आजार जर्मनमध्ये नोंदवला. जगाचे लक्ष गेले ते १९८३ च्या इंग्रजी लेखानंतर. मधल्या १७ वर्षांत किती आयांनी स्वतःलाच दोष दिला असेल! या आजारात मुलगी आधी नीट वाढते, मग शिकलेले शब्द, हातांची पकड गमावते आणि सतत हात चोळत राहते. आजाराचे कारण १९९९ मध्ये हुदा झोग्बी यांच्या प्रयोगशाळेत सापडले : एक्स गुणसूत्रावरील एका जनुकातील बिघाड, बहुतेक वेळा नव्यानेच उद्भवलेला. एड्रियन बर्ड यांच्या गटाने २००७ मध्ये उंदरांत ते जनुक पुन्हा चालू केले, तेव्हा लक्षणे बरीच ओसरली. म्हणजे चेतापेशी मेलेल्या नव्हत्या.