मोट, मोटर आणि आपली मागची विहीर

आपल्या सोसायटीला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिका समितीच्या मंडळींनी "काका, तुम्ही काहीतरी इतिहासावर लिहा" असा आग्रह धरला. सोसायटीचा इतिहास चेअरमनसाहेबांनी लिहिलाच आहे. तेव्हा मी विषय निवडला तो सी विंगच्या मागच्या प्लॉटचा आणि तिथल्या विहिरीचा. त्या प्लॉटवर महापालिकेचा नळ नाही, विजेचे मीटर नाही, तरी तिथे आज झाडे उभी आहेत. नळ आणि वीज नसताना बागाईत कशी होत असे, हे नव्या पिढीला माहीत नाही. ते आधी सांगतो, मग विहिरीकडे येतो.

माझे लहानपणीचे मे महिने सातारा जिल्ह्यात मामांच्या गावी गेले. साधारण १९६० चा काळ. पहाटे जाग यायची ती मोटेच्या चाकाच्या कुरकुरीने. मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी. तिला खाली हत्तीच्या सोंडेसारखी नळी असते. मोटेला दोन दोर. जाड तो नाडा, तो वरच्या चाकावरून जातो. बारीक दोर सोंडेला बांधलेला, तो खालच्या लाकडी कण्यावरून जातो. बैल उताराच्या धावेवरून खाली चालले की भरलेली मोट वर येते. येताना सोंड वर दुमडलेली राहते, म्हणून पाणी सांडत नाही. काठाशी आली की बारीक दोर सोंडेला पुढे ओढतो आणि पाणी आपोआप थारोळ्यात पडते. माणसाने हात लावायचे काम नाही. मग बैल मागे मागे सरकत धाव चढतात आणि मोट पुन्हा विहिरीत. खाली जाताना मोटकरी नाड्यावरच बसायचा, म्हणजे त्याचे वजनही कामी यायचे. थारोळ्यातून पाट, पाटातून वाफे. वाफ्याशी दारे धरायला मामी नाहीतर आम्ही पोरे.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे हिशेब केल्याशिवाय मला चैन पडत नाही. एका मोटेत दीडशे लिटर पाणी धरा. तासाला चाळीस फेऱ्या म्हटल्या तर सहा हजार लिटर. बैल दिवसाला सहा तास चालले तर छत्तीस हजार लिटर. एक एकर रानाला दोन इंच पाणी द्यायचे तर दोन लाख लिटर लागते, म्हणजे साडेपाच दिवस. दहा-बारा दिवसांनी पाणी पुन्हा फिरवायचे असेल, तर एका मोटेवर दोन एकराच्या वर बागाईत होणार नाही. मामांची बागाईत बरोबर तेवढीच होती!

या मोटेमागे अख्खे गाव उभे असे. कातडे ढोरांनी कमवायचे, मोट चांभारांनी शिवायची, नाडा मांगांनी वळायचा, चाक सुताराने करायचे. एक गोष्ट मात्र तेव्हा कळली नाही आणि नंतर फार बोचली. ज्यांच्या हातची मोट विहिरीत दिवसभर बुडत होती, त्यांना त्याच विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. महात्मा फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना १८६८ साली खुला केला. बाबासाहेबांचा चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. आणि मी सांगतोय ते १९६० चे. जुने ते सगळे सोने, असे म्हणायला म्हणूनच माझी जीभ रेटत नाही.

पण अक्कल मात्र दांडगी होती. साताऱ्याजवळ लिंब गावी बारा मोटेची विहीर आहे. विरूबाई भोसले यांनी ती १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. एकशे दहा फूट खोल, पन्नास फूट व्यासाची अष्टकोनी विहीर, आत चक्क छोटा महाल. बारा मोटा एकाच वेळी चालायच्या, म्हणून हे नाव. कोकणात विहिरी उथळ, तिथे लाट चाले. लांब वाशाच्या एका टोकाला धोंडा आणि दुसऱ्या टोकाला पोहरा, एकटा माणूस पाणी काढी. कुठे रहाटगाडगे. धुळ्याकडे पांझरा नदीवर तर पाणी उचलायची भानगडच नाही. नदीला बंधारा, तिथून पाट, आणि पाटाखालची जमीन फडांमध्ये वाटलेली. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे सगळ्यांनी मिळून ठरवायचे आणि पाणी पाटकऱ्याने वाटायचे. मी म्हणतो, ही आपल्या आधीची सहकारी सोसायटीच की! आपल्या पुण्यातही १७५० च्या सुमारास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावाचे पाणी नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत आणले होते. पंप नाही, काही नाही. फक्त उतार.

मग हे सगळे गेले कुठे? थोडे माझ्याही हातून गेले, ते सांगितले पाहिजे.

१९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि बँका खेड्यात जायला लागल्या. मी १९७३ साली नोकरीला लागलो. १९७२ च्या दुष्काळाची धग अजून होती. पुढे नगर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी शेती कर्जाचे काम माझ्याकडे आले. विहीर खोल करणे, ऑइल इंजिन, इलेक्ट्रिक मोटर, पाइपलाइन, अशी कर्जे मी शेकड्यांनी केली. उद्दिष्ट पूर्ण झाले की वरून शाबासकीचे पत्र यायचे. शेतकरीही खूश. बैलांचे हाल वाचले, पोरे शाळेत जायला लागली, दोन एकराचे पाच एकर झाले. हे खोटे नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजू मी तेव्हा मांडली नाही. तीन एचपीची मोटर तासाला तीस हजार लिटर सहज उपसते. मोटेचा दिवस तिने सव्वा तासात संपवला. ज्या गावात वीस मोटा होत्या तिथे वीस मोटारी आल्या, आणि विहिरीचे झरे होते तेवढेच राहिले. १९८५-८६ च्या सुमारास वसुलीसाठी मी अशाच एका गावी गेलो. विहिरीचा तळ दिसत होता. ज्यांच्या नावावर मोटरचे कर्ज होते ते आबा धावेवरच्या बाभळीखाली बसले होते. मला म्हणाले, "साहेब, बैल दमायचं, मग आम्ही मोट सोडायचो. तेवढ्यात हीर भरायची. मोटर कुठं दमतीय?"

मी काही बोललो नाही. चहा घेतला आणि निघालो. कर्जाच्या अर्जात जमीन किती, पीक कोणते, तारण काय, हे सगळे रकाने होते. विहिरीत रोज पाणी किती येते हा रकाना आम्ही नीट कधी भरलाच नाही. बँकेत खात्यात भरणा किती आणि उचल किती हे बघितल्याशिवाय आम्ही चेक वटवत नसू. विहिरीच्या बाबतीत मात्र नुसती उचल!

आता आपल्या प्लॉटकडे येतो. आपण राहायला आलो तेव्हा मागे नुसता मुरूम होता आणि जुन्या मळ्याची ही विहीर. पहिल्या वर्षी आम्ही चार-पाच जणांनी हौसेने वीस रोपे लावली. कप्पीने पाणी काढून रविवारी भरपूर घालायचो, मग आठवडाभर कोणी बघायचे नाही. मे महिन्यापर्यंत अकरा रोपे गेली. तेव्हा मला मामांच्या परड्यातला माठ आठवला.

कुंभाराकडचा साधा माठ झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरायचा, पाणी भरायचे, वर झाकण. माती कोरडी पडली की ती माठातून ओल ओढून घेते, ओली असली की पाझर मंदावतो. म्हणजे किती प्यायचे ते झाडच ठरवते. ही युक्ती चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या पुस्तकात लिहिलेली आहे. माठ मात्र बिनरंगाचा हवा, रंग दिलेला पाझरत नाही. आम्ही बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर दिला. विटांच्या चार फुटी ओट्यावर दोनशे लिटरचे पिंप ठेवले आणि बारीक नळीने पाणी उताराने खेळवले. पुढच्या वर्षी लावलेल्या बारा रोपांतले एकच गेले. आजचे दोन आंबे, जांभूळ आणि शेवगा ही त्यातलीच. त्यांना आजवर एक युनिटही वीज लागलेली नाही.

गेल्या वार्षिक सभेत विहीर बुजवून सहा गाड्यांचे पार्किंग करावे, अशी सूचना आली आहे. पार्किंगची अडचण खरी आहे, माझा मुलगाही गाडी रस्त्यावरच लावतो. तरी मतदानाआधी एक हिशेब बघा. सी विंगची गच्ची चारशे चौरस मीटर. पुण्याचा पाऊस साधारण सातशे मिलिमीटर. वीस टक्के वाया गेला तरी सव्वादोन लाख लिटर पाणी उतरते. दहा हजार लिटरचे बावीस टँकर झाले. ते आज गटारात जाते, एका पाइपने विहिरीकडे वळवता येईल. मोटर बसवलीच तर रोज किती वेळ चालवायची हे आधी ठरवू आणि वहीत लिहू. पाणी किती आले, किती काढले. ती वही ठेवायला मी तयार आहे, पगार नको.

विहीर बुजवायला एक दिवस पुरतो. पुन्हा खणायला परवानगी आणि पैसा मिळेल, पाणी मिळेलच असे नाही. कर्जाच्या अर्जातला तो रकाना मी एकदा कोरा सोडला. दुसऱ्यांदा सोडायची इच्छा नाही, एवढेच सांगायचे होते.

सर्व सभासद बंधू-भगिनींना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. जांभळे पिकली की मुलांना जरूर पाठवा. फक्त पिंपाची तोटी उघडी ठेवू नका म्हणावे.